शिलाचं म्हणणं

रामसिंग राठोडाच्या घरात शिला थोरली आणि रणजीत तिच्याहून दीड वर्षानं धाकटा. तांड्यावरून साखऱ्याच्या शाळेत एकट्यानं जायला रणजीत भ्यायचा, म्हणून रामसिंगनं पोरीला एक वर्ष घरीच ठेवून घेतलं आणि दोघांना एकाच दिवशी पहिलीत घातलं. तेव्हापासून शिला पुढं चालायची आणि रणजीत मागून. वाटेतली कुत्री तिनं हाकलायची, पाढे तिनं म्हणून घ्यायचे, आणि गुरुजींनी रणजीतला उभं केलं की मुलींच्या रांगेतून ओठ हलवून उत्तरही तिनंच पुरवायचं. त्याचं तिला कधी ओझं वाटलं नाही. भाऊ धाकटा होता, आणि उत्तरं तिला येत होती.

दोघं दहावीत असतानाची, चौऱ्याण्णव सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. दसरा नुकताच झाला होता. विज्ञान शिकवणारे विश्वंभर सर वर्तमानपत्र हातात घेऊनच वर्गात आले. आपल्या देशात बनलेल्या रॉकेटनं एक उपग्रह वर नेऊन सोडला होता, आणि सरांना त्याचा इतका आनंद झाला होता की त्यांनी हजेरीसुद्धा घेतली नाही. रॉकेट म्हणजे एकावर एक रचलेले टप्पे. खालच्या टप्प्यातलं इंधन जळून संपलं की तो गळून पडतो आणि त्याच्या वरचा पेटतो. असं ओझं कमी होत जातं नि वेग वाढत जातो, हे त्यांनी फळ्यावर चित्र काढून सांगितलं. शेवटच्या टप्प्यानं उपग्रह आठशे किलोमीटर उंचीवर नेला आणि सोडून दिला. आता तो पृथ्वीभोवती फिरत राहणार आणि शेतांचे, जंगलांचे, तळ्यांचे फोटो काढणार.

शिला उभी राहिली. "सर, सोडून दिला तर तो पडत काहून न्हाई?"

वर्ग हसला. सर म्हणाले, "एवढ्या उंचावर पृथ्वीचं आकर्षण पोचत नाही, बाळ."

"मग चंद्र तर त्याच्याहून लांब हाय. त्याला कुणी धरून ठेवलंय?"

सरांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "बघतो. उद्या बोलू."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर दोघं थेट शेतात गेले. रामसिंगची ज्वारी निसवून दाणे भरू लागली होती आणि पाखरं राखायला शेताच्या मधोमध माळा उभा केलेला होता. शिला माळ्यावर चढून गोफण फिरवू लागली. रणजीत खाली सावलीत आडवा पडून वाळूक खात होता. शेताची एक बाजू सपाट होती आणि दुसऱ्या अंगाला जमीन ओढ्याकडं उतरत गेलेली. सपाट बाजूला फेकलेला दगड लवकर जमिनीला लागायचा. उताराच्या बाजूला तेवढ्याच जोरानं फेकलेला दगड मात्र किती तरी पुढं जायचा, कारण तो खाली यायचा तशी जमीनही खाली जात असायची. हे शिलानं रोज पाहिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा ती थांबली. तिनं आणखी एक दगड उताराकडं फेकला, आणखी एक फेकला, आणि मग गोफण तशीच हातात लोंबत राहिली.

"रणजीत, सर म्हणले ते बराबर न्हाई," ती वरून म्हणाली. "सोडून न्हाई दिला त्यांनी. फेकला. आडवा फेकला, लई जोरात."

"मग?"

"मग तो पडतच हाय. आत्ताबी पडतच हाय. पण पृथ्वी गोल हाय ना? तो जेवढा खाली येतो तेवढी जमीन त्याच्या खालून वाकत जाती. मग टेकणार कुठं?"

रणजीत वाळूक चघळत म्हणाला, "दमून थांबत कसा न्हाई?"

"अडवाया काय हाय तिथं? वर हवाच न्हाई." ती भरभर माळ्यावरून उतरली. कुणाला तरी सांगावं असं तिला फार वाटत होतं आणि तिथं रणजीतशिवाय कुणी नव्हतं, म्हणून तिनं त्यालाच दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात तिनं हात वर करून तेच सांगितलं. विश्वंभर सर ऐकत राहिले. तेही रात्री पुस्तक काढून बसले होते. त्यांनी फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं, त्यावर डोंगर, डोंगरावर तोफ. "शिलाचं म्हणणं बराबर आहे," ते म्हणाले. "मी काल चुकीचं सांगितलं. आकर्षण तिथंही आहे, तेच त्याला खाली ओढत असतं. न्यूटननं हेच तोफेचा गोळा घेऊन समजावलंय. सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर एवढा आडवा वेग दिला की गोळा जमिनीला लागतच नाही. आपण इथून निघालो तर दोन-तीन सेकंदांत सेनगाव मागं पडेल, असा वेग. रॉकेटची खरी मेहनत उंच जाण्यात कमी आणि हा वेग मिळवण्यात जास्त जाते." मग त्यांनी वर्गाला टाळ्या वाजवायला सांगितल्या. रणजीतनं सगळ्यात जोरात वाजवल्या.

त्याला ते समजायला मात्र आठवडा लागला. शिलानं चुलीपाशी बसून, राखेत बोटानं वर्तुळं काढून त्याला समजावलं. एकदा समजलं की त्याच्या डोक्यातून काही जात नसे, हा त्याचा गुण होता.

दहावीला दोघांना चांगले मार्क पडले. अकरावीला रामसिंगनं हिंगोलीत एक खोली करून दिली. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. दोघांनी सायन्स घेतलं. सकाळी शिला भाकरी टाकायची, मग दोघं कॉलेजात जायचे, आल्यावर ती पुन्हा चूल पेटवायची आणि रणजीत मोठ्यानं वाचायचा, म्हणजे तिचाही अभ्यास व्हायचा. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आल्या आणि रणजीतला कावीळ झाली. डोळे पिवळेजर्द, पोटात अन्न ठरेना. तांड्यावर निरोप पोचेपर्यंत त्याला सरकारी दवाखान्यात नेण्याचं, सलाइनच्या बाटलीकडं बघत बसण्याचं काम शिलानं केलं. त्याच्या प्रात्यक्षिकाला अजून अवकाश होता. तिची फिजिक्सची तुकडी आधी लागली. त्या सकाळी त्याला गरगरून उलट्या होत होत्या. ती दवाखान्यातून उठली नाही. दुपारी कॉलेजात गेली तेव्हा बाहेरून आलेले परीक्षक निघून गेले होते.

रणजीत बरा झाला आणि पेपरांना बसला. मे महिन्यात शिलाचं लग्न झालं. मुलगा गोरेगावजवळच्या तांड्यावरचा, योगेश चव्हाण. गोरेगाव ते सेनगाव जीप चालवायचा. निकाल लागला तेव्हा ती सासरी होती. लेखी पेपरांत तिला रणजीतहून जास्त मार्क होते आणि फिजिक्सच्या प्रात्यक्षिकापुढं गैरहजर असं लिहिलं होतं. योगेश म्हणाला, ऑक्टोबरात पुन्हा बस. ऑक्टोबर आला तेव्हा तिला दिवस गेले होते आणि पाणीसुद्धा पोटात राहत नव्हतं. पुढच्या खेपेला बसू, असं ती म्हणाली. पुढच्या खेपेला मांडीवर दिपा होती. मग सासू अंथरुणाला खिळली. मग त्या गोष्टीचा विषयच निघेनासा झाला.

रणजीत औरंगाबादला इंजिनिअर झाला आणि थेट श्रीहरिकोट्याला, रॉकेट सुटतात तिथं नोकरीला लागला. दोन हजार चारच्या दिवाळीला तो घरी आला. त्याच वर्षी शाळांना टीव्हीवरून शिकवण्यासाठी एक उपग्रह सोडला गेला होता आणि त्या कामात हजार हातांमध्ये रणजीतचेही हात होते. साखऱ्याच्या शाळेनं त्याचा सत्कार ठेवला. शिला दिपाला घेऊन नवऱ्याच्या जीपमधून आली. येताना वाटभर ती पोरीला मामाचं लहानपण सांगत होती.

मंडपात तांड्यावरची आणि गावातली माणसं दाटीवाटीनं बसली होती. स्टेजवर हेडमास्तर, सरपंच, आणि कडेच्या खुर्चीवर निवृत्त झालेले विश्वंभर सर. रणजीत बोलायला उभा राहिला. तो छान बोलला. सोप्या शब्दांत, माणसांकडं बघत.

"लोक मला विचारतात, उपग्रह पडत कसा नाही," तो म्हणाला. "याचं उत्तर मला कॉलेजात मिळालं नाही. ते मला आमच्या शेतात मिळालं. दहावीत होतो. माळ्यावर उभा राहून गोफण फिरवत होतो. सपाट अंगाला दगड लगेच पडायचा, उताराच्या अंगाला लांब जायचा. आणि एकदम माझ्या मनात आलं, जमीन अशीच वाकत गेली तर हा दगड टेकणार कुठं?"

माणसं माना डोलवू लागली. शिलाला आधी वाटलं, आता पुढं आपलं नाव येईल. ती पदर सावरून बसली. रणजीतनं वेग सांगितला, टप्पे सांगितले, आणि मग खरोखरच तिच्याकडं बोट केलं.

"माझी बहीण इथं बसलीय. हिंगोलीच्या खोलीत दोन वर्षं हिनं मला भाकरी करून घातल्या. मी आजारी पडलो तर उशाशी बसून राहिली. तिच्या हातच्या भाकरी नसत्या तर मी आज इथं नसतो." त्याचा आवाज भरून आला. ते खोटं नव्हतं.

टाळ्या पडल्या. हेडमास्तरांनी तिला स्टेजवर बोलावलं. ती गेली. सरपंचाच्या बायकोनं तिला कुंकू लावलं, ओटीत खण-नारळ घातला. फोटो काढणाऱ्यानं थोडं हसायला सांगितलं. कडेच्या खुर्चीवरून विश्वंभर सर तिच्याकडं बघत होते. तिनं त्यांच्याकडं पाहिलं तशी त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला.

संध्याकाळी तांड्यावर रणजीत अंगणात बाजेवर बसला होता. आई रूपाबाई दिव्यांत तेल घालत होती. भेटायला आलेली माणसं गेल्यावर शिला त्याच्यापाशी आली.

"रणजीत, ते गोफणीचं तू आज सांगितलंस."

"चांगलं झालं ना? तिकडं नव्या पोरांनाबी मी हेच सांगतो. मोठ्या साहेबांनाबी लई आवडतं."

"ते मी म्हणले होते."

"काय?"

"जमीन वाकत जाती ते. माळ्यावर मी होते. तू खाली वाळूक खाऊन राहिला होतास."

रणजीतच्या चेहऱ्यावर राग नव्हता, चोरी पकडल्याची लाजही नव्हती. तो आठवून बघत होता, इतकंच. "न्हाई बाई," तो अखेर म्हणाला. बहिणीला तो लहानपणापासून बाईच म्हणायचा. "मला ते अजून डोळ्यांपुढं दिसतं. दगड ओढ्याकडं चाललेला दिसतो. तू होतीस तिथं, व्हय. तू भाकरी घेऊन आली असशील."

तेव्हा शिलाला कळलं की हा खोटं बोलत नाही. खोटं बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. तिनं फेकलेला दगड त्यानं खालून पाहिला होता. मग ती गोष्ट ज्याला त्याला सांगता सांगता तो स्वतः माळ्यावर चढला होता आणि तिला खाली उतरवून तिच्या हातात भाकरी दिली होती.

"याडी, तू सांग," ती आईला म्हणाली. "सरांनी वर्गात टाळ्या वाजवाया लावल्या, ते मी घरी येऊन सांगितलं होतं का न्हाई?"

रूपाबाईनं हातातलं तेलाचं भांडं खाली ठेवलं नाही. "कोण म्हणलं त्यानं काय होतं, बाई? एकाच घरातलं हाय. सणाचं काहून तोंड वाकडं करून राहिलीस?"

सकाळी शिला साखऱ्याला विश्वंभर सरांच्या घरी गेली. सर ओसरीवर बसले होते. तिनं विचारायच्या आधीच ते म्हणाले, "तू म्हणाली होतीस. मला पक्कं आठवतं. तुझ्यापायी मी त्या रात्री पुस्तकं हुडकत बसलो होतो."

तिला एवढं हलकं वाटलं की ती पायरीवरच बसली. मग तिनं विचारलं, "मग तुमी काल बोलला काहून न्हाई?"

"सत्कार होता त्याचा. भरल्या मंडपात मी उठून म्हणायचं, पोरा, तू सांगतोस ते तुझं नाही? आपलाच विद्यार्थी आहे. गावाचं नाव झालं, तांड्याचं नाव झालं. आणि शिला, आता त्यानं तुझं काय होणार आहे? तुझं बरं चाललंय ना?"

"बरं हाय."

"मग झालं तर."

"तुमी त्याला एकट्याला तरी सांगाल? माझ्यावर भरोसा न्हाई त्याचा. तुमचं ऐकल."

"भेटला तर सांगतो," सर म्हणाले, आणि बायकोला चहा ठेवायला सांगितलं.

भाऊबीजेला रणजीत साडी घेऊन गोरेगावला आला. दिपासाठी खेळण्यातलं रॉकेट आणलं होतं. काल सर भेटले, तासभर गप्पा झाल्या, फार खूश आहेत, असं तो आल्या आल्या म्हणाला. शिलानं त्याच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं. सरांनी काहीच सांगितलं नव्हतं.

तिनं पाट मांडला, त्याला बसवलं, निरांजन लावलं. दिपा मामाला चिकटून उभी होती. "मामा, ते गोफणीचं परत सांग," ती म्हणाली.

"मी तुझ्याएवढा न्हाई, जरा मोठा होतो तेव्हा," रणजीतनं सुरुवात केली. "माळ्यावर उभा होतो..."

"मी उभी होते," शिला म्हणाली. ताट तिच्या हातात होतं. "ते मी म्हणले होते, दिपा. मामा खाली बसला होता."

दारात उभ्या असलेल्या योगेशनं मान वर केली. रणजीत लहान मुलाची समजूत काढावी तसा हसला आणि म्हणाला, "बरं बाई, तू म्हणली होतीस. झालं? आता ओवाळ."

दिपाला गंमत वाटली, तीही हसली. शिलानं ओवाळलं. कुंकू लावताना तिचं बोट त्याच्या कपाळावर जरा जास्त जोरानं दाबलं गेलं. त्यानं वाकून तिच्या पायाला हात लावला. जेवला, पोरीला उचलून घेतलं, आणि योगेशच्याच जीपमधून निघून गेला.

त्याला सोडून आल्यावर योगेश म्हणाला, "तू मला कधी सांगितलं न्हाईस हे."

"तुमी कधी विचारलं न्हाई."

"मला काय ठाऊक विचाराया?" योगेश म्हणाला. ते खरंच होतं. नवी साडी तिनं जाऊबाईला, चंदाबाईला देऊन टाकली. रंग मला बरा दिसत नाही, असं सांगितलं.

त्यानंतर तिनं दिपाला दोन-तीनदा सगळं नीट बसून सांगितलं. पोरीनं ऐकून घेतलं. पण पुढच्या वर्षी सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर दिपा भाषणाला उभी राहिली, तेव्हा तिचा विषय होता 'माझे मामा', आणि भाषणात माळ्यावर मामाच होता. घरी येताना शिलानं विचारलं, "मी तुला काय सांगितलं होतं?"

"मला ध्यानात हाय," दिपा म्हणाली. "पण मामाचं म्हणलं की मॅडम टाळ्या वाजवतात."

शिलानं तिला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा आणि रस्त्यावर, माणसांदेखत. पोरगी रडली सुद्धा नाही, नुसती बघत राहिली.

दोन हजार सहाच्या जुलैत एका संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली. मोठा उपग्रह घेऊन निघालेलं रॉकेट उडाल्यावर लगेचच वाकडं झालं आणि त्याचे तुकडे बंगालच्या उपसागरात पडले. पडद्यावर ते पुन्हा पुन्हा दाखवत होते: ज्वाळा, धूर, आणि आभाळात विस्कटत गेलेली पांढरी रेघ. दिपा घाबरून म्हणाली, "मामाचं रॉकेट." योगेशनं तोंडातल्या तोंडात हळहळ केली.

शिलाला बरं वाटलं. छातीत कित्येक दिवस अडकून बसलेलं काही तरी मोकळं व्हावं, तसं स्पष्टपणे बरं वाटलं. ती हसली नव्हती, पण योगेश तिच्या तोंडाकडं बघत होता आणि त्याला ते दिसलं. उठून त्यानं टीव्ही बंद केला आणि बाहेर जाऊन जीपच्या काचा पुसू लागला. तेव्हा कुठं तिला स्वतःची भीती वाटली. ज्या माणसांनी ते बनवलं त्यांची किती वर्षं पाण्यात गेली असतील, हे तिला इतर कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं. तरी ते बरं वाटणं लगेच गेलं नाही. भांडी घासताना होतं, अंथरूण घालतानाही होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानात रूपाबाईचा फोन आला. "रणजीत जेवून न्हाई राहिला म्हणं. नवी सूनबाई सांगून राहिली, तोंडाकडं बघवत न्हाई. तू फोन कर त्याला. तुझं ऐकतो तो."

"करते," शिला म्हणाली.

नंबर तिला पाठ होता. दुकानदारानं फोन तिच्याकडं सरकवून ठेवला होता. ती उभी राहिली, काय बोलायचं ते मनात जुळवून बघितलं, आणि साबणाची वडी घेऊन घरी आली. त्या आठवड्यात ती आणखी दोनदा त्या दुकानात गेली आणि दोन्ही वेळा नंबर न लावताच परतली.

राखीला ती तांड्यावर आली. रणजीतला रजा मिळाली नव्हती. रूपाबाईनं विचारलं, "केला होतास का गं त्याला फोन?"

"लागलाच न्हाई," शिला म्हणाली आणि चपला काढून आत गेली.